टाकीत दडलेला फ्यूल पंप: स्पोर्ट्‌स कारमध्ये तो घरी कसा बदलावा

फ्यूल पंप बदलणं तसं अर्ध्या तासाचं काम. स्पोर्ट्‌स कारमध्ये मात्र त्या पंपापर्यंत पोहोचण्यातच अख्खा दिवस जातो. गाडी बुटकी, मधून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट नाहीतर जाडजूड एक्झॉस्ट गेलेला, उरलेल्या सांदीत कशीबशी बसवलेली टाकी आणि पंप नेमका तिच्या डोक्यावर. त्यामुळे टाकी एकदाच खाली उतरणार असं धरूनच कामाला लागायचं. निदान आधी पक्कं करायचं, लागणारं सगळं सामान आधी आणून ठेवायचं आणि टाकी वर चढवून घट्ट करण्याआधीच गळती तपासायची.

पंप आहे कुठे?

आधी आपल्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवा. एकाच कंपनीच्या दोन गाड्यांतही जागा वेगळी असते. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ मध्ये सीटमागच्या शेल्फवरचा गालिचा उचलला की पत्र्याचं झाकण दिसतं आणि त्याखाली पंप. निसान ३५०झेडमध्येही आतूनच, सीटमागून हात घालता येतो. अशी गाडी असेल तर नशीबवान आहात. टाकी उतरवण्याचा भाग सोडून पुढे जा.

१९९३ ते २००२ च्या शेवरले कॅमॅरोमध्ये टाकी मागच्या ॲक्सलच्या मागे आहे आणि वरून झाकणच नाही. एक्झॉस्टचा मागचा भाग काढून, ॲक्सल खाली सोडून टाकी उतरवावी लागते. पहिल्या दोन पिढ्यांच्या टोयोटा एमआर२ मध्ये इंजिन मध्यभागी, त्यामुळे टाकी दोन सीटमधल्या बोगद्यात. १९९७ ते २००४ च्या कॉर्व्हेटमध्ये तर दोन्ही बाजूंना एकेक टाकी आणि मध्ये जोडनळी.

हा व्याप टाळायला फरशीच्या पत्र्याला भोक पाडून वरून पंप काढणारे बरेच आहेत. आमचं मत विचाराल तर हे करू नका. ग्राइंडरच्या ठिणग्या पेट्रोलच्या टाकीवर पडतात, पत्र्याखाली नेमक्या कुठे नळ्या आणि वायरी आहेत ते वरून दिसत नाही, आणि नंतर ते झाकण नीट सीलबंद झालं नाही तर वाफा थेट केबिनमध्ये येतात.

पंपच गेलाय याची खात्री

चावी ऑन केल्यावर बहुतेक गाड्यांत पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. आवाज आला नाही म्हणून लगेच पंपावर खापर फोडू नका. फ्यूज बघा. हॉर्नचा किंवा दुसरा तसाच रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) काढून पंपाच्या जागी लावून बघा. मात्र दोन्हींचा नंबर आणि पिनांची मांडणी एकच हवी. काही गाड्यांत धडक बसल्यावर पेट्रोल तोडणारा इनर्शिया स्विच असतो. मोठ्या खड्ड्यातही तो उडतो आणि वरचं बटण दाबलं की सगळं ठीक होतं.

मग मल्टिमीटर घ्या. पंपाच्या कपलरवर (वायरींच्या जोडावर), पंप चालू असतानाच व्होल्टेज मोजा. कपलर सुटा ठेवून मोजलं तर गंजकी वायरही पूर्ण १२ व्होल्ट दाखवते आणि फसवते. बॅटरीवरचं व्होल्टेज आणि पंपावरचं व्होल्टेज यांत एक व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर दोष वायरीत, रिलेत किंवा अर्थमध्ये (गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या परतीच्या वायरीत) आहे. नवा पंप बसवूनही तो दोष तसाच राहील. अर्थच्या बाजूला एकट्या ०.२–०.३ व्होल्टहून जास्त घट दिसली तर अर्थचा बोल्ट काढून पत्रा घासून साफ करा. नव्या गाड्यांत पंपाचा वेग कंट्रोल मॉड्यूल ठरवतं. तिथे सप्लाय तुकड्यातुकड्यांत जात असल्याने मीटर सरासरी आकडा दाखवतो, आणि अशा पंपाला बॅटरीची थेट वायर जोडायचीही नाही.

सप्लाय नीट असेल तर प्रेशर गेज लावा. इंजिनवरच्या फ्यूल रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) टायरच्या व्हॉल्व्हसारखं टोक असेल तर गेज तिथेच बसतो. परतीची नळी असलेल्या जुन्या सिस्टिममध्ये आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) साधारण २.५ बार आणि दाब राखणाऱ्या रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढल्यावर ३ बारच्या आसपास दाब दिसतो. परतीची नळी नसलेल्या सिस्टिममध्ये बहुधा ३.५ ते ४ बार. नेमका आकडा मॅन्युअलमधलाच धरा. दाब आयडलला ठीक, पण ॲक्सिलरेटर दाबल्यावर कोसळतो, अशी तक्रार असेल तर आधी बाहेरचा फ्यूल फिल्टर बदला. तुंबलेल्या फिल्टरची आणि थकलेल्या पंपाची लक्षणं हुबेहूब सारखी असतात. डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) गाडीत टाकीतला पंप हा फक्त पहिला टप्पा. इंजिनवरच्या दुसऱ्या पंपाकडून रेलमध्ये शंभर बारच्या वर दाब जातो, तो भाग या कामात उघडू नका.

एक जुनी युक्ती अजूनही कामाची आहे. मदतनीस सेल मारत असताना टाकीच्या तळावर रबरी हातोडीने हलके ठोके द्या. पंप तेवढ्याने चालू झाला तर आतले कार्बन ब्रश झिजलेत, पंप बदलायलाच हवा. स्कॅनरवर पी००८७ हा दोषाचा कोड म्हणजे रेलमधला दाब कमी. पी०२३० म्हणजे पंपाच्या विद्युत सर्किटमध्ये दोष. पहिल्या कोडवर फिल्टर आणि पंप तपासा, दुसऱ्यावर आधी वायरिंग.

काय आणून ठेवायचं

नुसती पंपाची मोटर घ्यायची की पेट्रोलची पातळी दाखवणारा फ्लोट, रेग्युलेटर, गाळणीसकट पूर्ण मॉड्यूल? पंप सहज हाती लागत असेल तर मोटर पुरे. टाकी उतरवावी लागत असेल आणि गाडी दहा-पंधरा वर्षांची असेल, तर पूर्ण मॉड्यूल घ्या. त्या वयाचं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं आणि क्लिप मोडली की काम तिथेच अडतं.

सोबत नवी ओ-रिंग किंवा गास्केट, मॉड्यूल टाकीला घट्ट धरणारी लॉक रिंग, गाळणी, बाहेरचा फिल्टर, पेट्रोल भरायच्या फिलर पाइपची रबरी नळी आणि तिचे क्लॅम्प, टाकीच्या पट्ट्यांचे नवे बोल्ट. नुसती मोटर बदलणार असाल तर मॉड्यूलमधल्या नळीकडे नीट लक्ष द्या. बाजारातली साधी फ्यूल होज आतून पेट्रोल सहन करते. बाहेरून पेट्रोलमध्ये बुडाली की काही महिन्यांत मऊ पडून फाटते. टाकीच्या आत फक्त बुडवून वापरायची, एसएई ३०आर१० अशी छापील खूण असलेली नळी किंवा मूळची पन्हाळीदार नायलॉन नळी चालते. क्लॅम्पही इंजेक्शनचे, गुळगुळीत कडांचे घ्या. दातेरी पट्टीचा क्लॅम्प नळीत रुततो.

जाता जाता एक. पंप बदलतोच आहोत तर ताशी २५५ लिटरचा मोठा घालू, असा मोह अनेकांना होतो. मूळ इंजिनाला त्याची गरज नसते. परतीची नळी लहान पडली तर आयडलला दाब चढतो, मिश्रण दाट होतं, आणि मूळची बारीक वायर जास्त करंटने तापते.

जागा आणि आग

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीवरून पसरत जाते आणि खोलगट जागी साठते. म्हणून तळघरातलं पार्किंग नको आणि गाडीखाली शिरायचा खड्डा तर मुळीच नको. हवेत दीड ते साडेसात टक्के वाफ असली की एक ठिणगी पुरते. मोकळ्या आवारात, निदान शटर पूर्ण उघडं ठेवून काम करा. गीझरची ज्योत, फ्रिज, चालू चार्जर जवळपास नको. तारेचा जुना बल्ब गाडीखाली नेऊ नका. तो पडून फुटला की तापलेली तार आणि वाफ एकत्र येतात. सीलबंद एलईडी टॉर्च वापरा. पावडरचा किंवा फोमचा अग्निशामक हाताशी, नायट्राइलचे हातमोजे, चष्मा. आणि सोबत एक माणूस हवाच, तोही गाडीबाहेर उभा.

दाब सोडणं आणि टाकी रिकामी करणं

इंजिन चालू होत असेल तर पंपाचा फ्यूज काढून ते आपोआप बंद पडू द्या, मग पाच सेकंद सेल मारा. चालू होत नसेल तर गेजच्या टोकावर फडकं धरून दाब सोडा. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि फिलरचं झाकण उघडा, म्हणजे टाकीतला दाबही जाईल.

पेट्रोलचं वजन लिटरला सुमारे पाऊण किलो. ४० लिटर म्हणजे ३० किलो, आणि तेही आत डचमळणारं. टाकी झुकली की सगळं वजन एका टोकाला पळतं. त्यामुळे पाव टाकीच्या खाली आणल्याशिवाय उतरवायचीच नाही. हातपंपाने काढा, तोंडाने ओढायचं नाही, ड्रिलवर चालणारा पंपही नाही. बऱ्याच गाड्यांच्या फिलरमध्ये जाळी असते आणि नळी आत जात नाही. तिथे फिलरची रबरी नळी टाकीजवळ सोडवून त्या तोंडातून काढा. कॅन पेट्रोलसाठीचाच, जमिनीवर टेकलेला असू द्या. कॅन रबरी मॅटवर किंवा डिकीत ठेवून भरला तर स्थिर वीज साठते.

टाकी खाली आणताना

गाडी समपातळीवर घ्या, पुढच्या चाकांना ठोकळे लावा, मागची बाजू निदान ४५–५० सेंटिमीटर उचला आणि मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी स्टँड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. बुटक्या गाडीखाली जॅक जात नसेल तर चाकं आधी फळ्यांवर चढवून घ्या.

वाटेत येणारं सामान आता सुटं करायचं. एक्झॉस्ट पूर्ण थंड हवा. रबरी हँगरना सिलिकॉन स्प्रे मारला की पक्कडीने ओढून निघतात. प्रोपेलर शाफ्ट काढावा लागत असेल तर जोडाच्या दोन्ही फ्लँजवर (चकत्यांवर) रंगाची रेघ मारून ठेवा. शाफ्ट मूळ जागीच परत बसला नाही तर वेग वाढला की गाडी थरथरते. हँडब्रेकच्या केबल टाकीखालून जात असतील तर त्याही सोडवा. सायलेन्सर आणि टाकीच्या मधला पातळ पत्रा काढताना त्याचे बोल्ट तुटतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारलं तर पुष्कळ वाचतात.

टाकीखाली जॅक लावा, मध्ये प्लायवूडची मोठी फळी. प्लास्टिकच्या टाकीवर जॅकची वाटी थेट टेकवली तर खळगा पडतो. फिलरची नळी चिकटलेली असते. क्लॅम्प सैल करून हाताने पिळा, स्क्रूड्रायव्हर खुपसू नका. पट्ट्यांचे बोल्ट सोडा आणि टाकी फक्त १०–१५ सेंटिमीटर खाली आणा. इथे थांबा. वरच्या बाजूला अजून पंपाचा कपलर, पेट्रोलची नळी आणि वाफेची नळी जोडलेली आहे. अंधारात चाचपडत टाकी खेचली की यातलं काहीतरी हमखास तुटतं.

नळ्यांचे झटपट जोड म्हणजे या कामातली सगळ्यात नाजूक गोष्ट. सोडवण्याआधी जोडाभोवतीची माती ब्रशने आणि थोड्या क्लीनरने पूर्ण धुऊन काढा. वाळूचा एक कण आत अडकला तरी क्लिप दबत नाही. मग आधी जोड आत, पाइपच्या दिशेने ढकला, म्हणजे दातांवरचा ताण जातो. ढकललेलाच ठेवून दोन्ही बाजूंच्या कळा दाबा आणि सरळ रेषेत ओढा. निघत नसेल तर जोर वाढवू नका. पुन्हा आत ढकला, थोडा फिरवा, पुन्हा ओढा. खाली फडकं धरा, अर्धा-पाऊण कप पेट्रोल सांडतंच. उघड्या तोंडांना लगेच टोप्या घाला.

मॉड्यूल बाहेर

पंपाभोवती वर्षानुवर्षांची धूळ साठलेली असते. रिंग सोडवण्याआधीच ब्रश आणि ओल्या फडक्याने साफ करा, नाहीतर सगळी टाकीत पडते. पेट्रोलचा वास सुटल्यावर व्हॅक्यूम क्लीनर लावायचा नाही. त्याच्या मोटरमध्ये ठिणग्या असतात. मॉड्यूलवरचा बाण टाकीवरच्या कोणत्या खुणेसमोर आहे त्याचा फोटो घ्या.

लोखंडी लॉक रिंगला कानांसारखे उंचवटे असतात. पितळी दांडा किंवा कठीण लाकूड लावून, समोरासमोरच्या कानांवर आळीपाळीने ठोकत ती डावीकडे फिरवा. लोखंडी छिन्नी नको, ठिणगी पडते. प्लास्टिकच्या मोठ्या रिंगला पट्ट्याचा पाना लावा. ठोकाठोकी केली तर तिचे आटे जातात, आणि ते आटे टाकीवरचे असतील तर अख्खी टाकी बदलावी लागते.

मॉड्यूल सावकाश वर घ्या. अर्ध्यावर आलं की तिरकं करा, म्हणजे फ्लोटची दांडी न वाकता बाहेर येईल. मॉड्यूलच्या वाटीत अर्धा लिटरभर पेट्रोल असतं, ते टाकीतच निथळू द्या.

घोड्यावरच्या खोगिरासारखी, मध्ये उंचवटा असलेली टाकी असेल तर इथे डोळे उघडे ठेवा. अशा टाकीत पंप एका कप्प्यात असतो आणि दुसऱ्या कप्प्यातलं पेट्रोल जेट पंप नावाच्या एका छोट्या तोटीतून, आतल्या आत नळीने ओढलं जातं. मॉड्यूल वर घेताना ती नळी हळूच सोडवायची आणि बसवताना क्लिक होईपर्यंत परत लावायची. ती विसरली गेली तर गाडी आज झकास चालेल आणि काट्यावर अर्धी टाकी शिल्लक दिसत असताना रस्त्यात बंद पडेल.

टाकीत टॉर्चने बघा. तळाला गंज किंवा गाळ असेल तर धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसून काढा. नवे पंप लवकर मरतात ते बहुतेक वेळा याच गाळाने. तोंड झाकून ठेवा.

नवं बसवताना

जुनं आणि नवं मॉड्यूल शेजारी ठेवून उंची, नळ्यांची तोंडं, कपलरच्या पिना आणि फ्लोटची दांडी जुळवून बघा. नुसती मोटर बदलत असाल तर गाळणी जुन्याच कोनात बसवा. ती दुमडली किंवा तळापासून वर राहिली तर वळणावर पेट्रोल सरकून पंप हवा ओढतो. प्लस-मायनस उलटे झाले तर मोटर उलटी फिरते. आवाज येतो, दाब येत नाही. वायरी क्रिंप करा (धातूच्या नळीत दाबून जोडा), टाकीच्या आत साधी चिकटपट्टी टिकत नाही. जुन्या कपलरची पिन तपकिरी किंवा वितळलेली दिसली तर गाडीकडचा कपलरही बदला. पंप कोरडा चालवून बघायचा नाही. पेट्रोल हेच त्याचं वंगण आणि तेच त्याला थंड ठेवतं.

ओ-रिंग नवीच. जुनी बाहेर निघाली की फुगते आणि पुन्हा खाचेत मावत नाही. टाकीची खाच पुसून ती कोरडीच बसवा. ग्रीस नको, सिलिकॉन सीलंट तर अजिबात नको. बऱ्याच मॉड्यूलना स्प्रिंग असते, त्यामुळे ते दोन-तीन सेंटिमीटर वर उचललेलं राहतं. एकाने दोन्ही तळव्यांनी सरळ खाली दाबून धरायचं, दुसऱ्याने रिंग फिरवायची. दाब तिरका पडला की ओ-रिंग एका बाजूने खाचेबाहेर चिमटली जाते. रिंग फिरवताना मध्येच एका जागी मऊ आणि दुसरीकडे जड लागली तर बहुधा हेच झालंय. सोडा आणि पुन्हा बसवा.

टाकी जागेपासून १०–१५ सेंटिमीटर खाली असेपर्यंत उचला आणि कपलर, नळ्या, फिलर सगळं जोडा. प्रत्येक झटपट जोड लावल्यावर उलटा ओढून बघा. क्लिकचा आवाज पुरेसा नाही. आठ-दहा लिटर पेट्रोल ओता, बॅटरी आणि फ्यूज लावा आणि सेल न मारता चावी चार-पाच वेळा दोन-दोन सेकंद ऑन करा. छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन टाकीचा माथा बघा. जोडांखालून कोरडा टिश्यू फिरवा, डोळ्याला न दिसणारा ओलावा त्यावर उमटतो. सगळं कोरडं असेल तरच टाकी वर घ्या, पट्ट्या मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा आणि शाफ्ट, एक्झॉस्ट, पत्रा परत चढवा. टाकीवरची एखादी वायर पत्र्यात चिमटली जात नाही ना, हे शेवटचा बोल्ट आवळण्याआधी पाहा.

पहिले काही दिवस

थोड्या पेट्रोलवर ओ-रिंगची परीक्षा होतच नाही, कारण पेट्रोल तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. एकदा टाकी तोंडापर्यंत भरा आणि लगेच गाडीखाली बघा. तेव्हाच गळती असेल तर रिंग नीट बसलेली नाही, म्हणजे टाकी पुन्हा खाली.

इंजिनचा दिवा लागून पी०४४२ किंवा पी०४५५ आला तर वाफेची गळती आहे. आधी फिलरचं झाकण आणि वाफेची नळी तपासा, मग ओ-रिंगवर या. काटा चुकीचा दाखवत असेल तर फ्लोटची दांडी बसवताना वाकली असणार. पंप खूप घोंघावतोय आणि आवाज पेट्रोल कमी झाल्यावर वाढतोय, तर गाळणी तळाला टेकलेली नाही. इंजिन थंड असताना लगेच चालू होतं पण गरम असताना उशिरा, असं दिसलं तर गेज परत लावा. बंद केल्यावर दाब झरझर उतरत असेल तर पंपातला उलट जाण्यापासून रोखणारा व्हॉल्व्ह, मॉड्यूलमधली आतली नळी किंवा एखादा इंजेक्टर गळतोय.

पेट्रोलने भिजलेली फडकी बोळा करून डब्यात कोंबू नका. मोकळ्या हवेत पसरून पूर्ण वाळू द्या. काढलेलं पेट्रोल स्वच्छ असेल तर बारीक जाळीच्या नरसाळ्यातून गाळून परत वापरता येतं. गाळ किंवा पाणी दिसलं तर ते गाडीत ओतू नका आणि गटारातही नको. टाकाऊ तेल घेणाऱ्या ठिकाणी द्या.